'बघू' म्हणू नका

पत्रकावर कुणाचंच नाव नव्हतं. खाली आमच्या विद्यार्थी गटाचं नाव होतं, म्हणून आजवर कुणी मला तोंडावर बोललं नाही. पण ते वाक्य माझं आहे. "'बघू' म्हणू नका, 'नाही' म्हणा." कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये भर दुपारी, कुणाच्या तरी जर्नलच्या मागच्या पानावर मी ते लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि टेबलावरचे सगळे एकदम म्हणाले, बस, हेच. मला त्या वाक्याचा इतका अभिमान होता की मैत्रिणीने पिक्चरला यायचं का यावर 'बघू' म्हटलं तरी मी तिला ते ऐकवायचे.

ज्या मुलीबद्दल हे आहे तिला विचारूनच लिहिते आहे. कॉलेजच्या तक्रार कमिटीतलं कमिटीत ठेवायचं असतं हे मला माहीत आहे, आणि तो नियम तिच्यासाठीच आहे. ती म्हणाली, कॉलेजचं नाव नको, माझं वर्ष, विषय काही नको, आणि त्या खोलीत काय झालं ते तर नकोच. शब्द लिही, बाकी नको. म्हणून बाकीचं इथे नाही. ज्याला बाकीचं वाचायचं असेल त्याने स्वतःला विचारावं की ते त्याला का हवं आहे.

पत्रक लिहिणं मी गटात शिकले. तिथले नियम सोपे होते. वाक्य एका श्वासात म्हणता आलं पाहिजे. क्रियापद आज्ञार्थी. 'कदाचित', 'शक्यतो', 'बहुधा' दिसले की काट मारायची. वाचणारा उभा असतो, त्याच्या एका हातात समोसा असतो, त्याला वर्गात जायचं असतं. त्याला विचार करायला लावायचं नाही, पटवायचं. मी यात पटाईत झाले. इतकी की पुढे पुढे मला स्वतःला काय वाटतं तेही पत्रकातल्या वाक्यांतच वाटायला लागलं.

आणि 'बघू'चा मला मनापासून राग होता. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणी कुणाला नाही म्हणत नाही. गणपतीची वर्गणी वाढवायची? बघू. गच्ची लग्नाला देणार? बघू या. वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा माझ्यासाठी स्थळ घेऊन आल्या. मुलगा ठाण्याचा, स्वतःचा फ्लॅट, आईवडील वेगळे राहतात, म्हणजे तर सोन्याहून पिवळं. आई म्हणाली, "बघू हं." मी आतल्या खोलीतून ओरडले की बघू काय, सरळ नाही म्हण ना. आईने माझ्याकडे लक्ष दिलं नाही, काकूंना आणखी चिवडा वाढला. काकूंनी चहा संपवला, गेल्या, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मला त्यात आईचा भित्रेपणा तेवढा दिसला. काकूंनी तो विषय पुन्हा का काढला नाही, हा प्रश्न मला पडलाच नाही.

पत्रकातलं वाक्य लोकांना आवडलं म्हणून आम्ही त्याचे स्टिकर काढले आणि मुलींच्या टॉयलेटच्या दारांना आतून लावले. मुलांच्या टॉयलेटमध्ये नाही लावले. तिथे फाडतील, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना पटलं. पत्रकाच्या मागच्या बाजूला मुलांसाठी मजकूर होता, नाही असं नाही. संमती कशी मोकळेपणाने दिलेली असावी, कधीही परत घेता यावी वगैरे. तो बारीक टायपात होता. मुलींची बाजू मोठ्या टायपात.

त्यानंतर आम्ही सेमिनार हॉलमध्ये कार्यशाळा घेतली. माइक माझ्या हातात. मी सगळ्या मुलींना उभं केलं आणि म्हटलं, आता सगळ्यांनी मोठ्याने 'नाही' म्हणायचं. हॉल दणाणला. पण चौथ्या-पाचव्या रांगेत एक मुलगी नुसते ओठ हलवत होती. मी माइक घेऊन खाली उतरले.

"आवाज कुठे ठेवून आलीस? घरी?"

सगळे हसले. तीही हसली. मग माइकमध्ये 'नाही' म्हणाली.

"हे नाही होतं? मला वाटलं मांजर आजारी आहे."

पुन्हा हशा. तिचे कान लाल झालेले मला दिसले होते, हे मी इथे लिहून ठेवते. दिसले होते आणि मला वाटलं, छान, आता फुटेल. तिसऱ्यांदा ती किंचाळली आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. मागे उभ्या असलेल्या मुलांनीही वाजवल्या. त्या दिवशी मी घरी आईला सांगितलं की आज एका मुलीचा आवाज मोकळा केला. आई म्हणाली, बरं.

दोन-तीन महिन्यांनी तिची तक्रार आली. माझ्याकडे नाही, कमिटीच्या अध्यक्ष मॅडमकडे. कॉलेजमध्ये लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कमिटी असते आणि त्यात विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असतो. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही म्हणून ती प्रतिनिधी मी होते. फाइल उघडली तेव्हा मला कळलं की ही तीच.

मुलगा शेवटच्या वर्षाचा. फेस्टसाठी दुकानदारांकडून स्पॉन्सरशिप मिळवायचं काम त्याच्याकडे होतं आणि ही त्याच्या टीममध्ये होती. तो तिला माझ्याबरोबर बाहेर येतेस का विचारत होता, ती 'बघू' म्हणत होती. असं बरेच दिवस. मग स्टेजमागच्या सामानाच्या खोलीत एकदा दोघंच होते. तक्रारीत तिने स्वतः काय काय म्हटलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. 'आत्ता नको.' 'कोणी येईल.' 'मला जायचंय, आई वाट बघतेय.' एकदाही 'नाही' असं लिहिलं नव्हतं, कारण ती म्हणालीच नव्हती. एक शब्द खोटा घातला असता तर तिची केस सोपी झाली असती. तिने तो घातला नाही. मला वाचताना काय वाटलं ते सांगते. मला तिचा राग आला. एवढं शिकवलं, आणि 'आई वाट बघतेय'?

कमिटीत दोघांना वेगवेगळं बोलावतात. आधी मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. त्याने लेखी उत्तर दिलं होतं आणि त्याला आमचं पत्रक जोडलं होतं. माझं वाक्य पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं.

तो म्हणाला, "मॅडम, मी जबरदस्ती करणारा मुलगा नाहीये. तिने नाही म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे थांबलो असतो. आम्हाला हेच शिकवलंय ना? त्या वर्कशॉपला मी पण होतो. ती नाही म्हणालीच नाही."

आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात खुन्नस नव्हती, टोमणा नव्हता. अभ्यास करून आलेला मुलगा बरोबर उत्तर दिल्यावर शिक्षकाकडे बघतो, तसं पाहिलं.

मॅडमनी पत्रक हातात घेतलं, चष्मा वर केला, वाचलं आणि मला विचारलं, "हे तुमच्या गटाचं ना? तू होतीस यात?"

मी हो म्हटलं.

"मग तूच सांग. यातून मुलांनी काय समजायचं?"

ही माझी वेळ होती. रस्त्यावर घोषणा देताना माझा आवाज फाटत नाही. पोलिसांच्या व्हॅनसमोर मी उभी राहिलेली आहे. इथे टेबलाभोवती चार माणसं होती आणि एका प्लेटमध्ये बिस्किटं होती. मी म्हटलं असतं की मॅडम, हे वाक्य चुकलंय, तर संपलं असतं. त्याऐवजी मी वाक्य वाचवायला गेले. म्हणाले, ते मुलींना धीर यावा म्हणून आहे, संदर्भ लक्षात घ्यायला हवा, अर्थात स्पष्ट बोलणं अपेक्षित आहे, पण. मॅडमच्या शेजारी बसलेल्या सरांनी 'अपेक्षित आहे' एवढं लिहून घेतलं.

मग ती आली. ओढणी दोन्ही खांद्यांवरून पुढे घेऊन, खुर्चीच्या टोकावर बसली. सरांनी विचारलं की इतका साधा शब्द, तो म्हणायला काय अडचण होती? वर हेही सांगितलं की विद्यार्थी प्रतिनिधींनीही मान्य केलंय, स्पष्ट बोलणं अपेक्षित आहे.

ती म्हणाली, "म्हणता येतं, सर. सेमिनार हॉलमध्ये म्हटलं होतं."

हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

सरांनी पुढे विचारलं, 'कोणी येईल' म्हणालीस, म्हणजे कोणी येणार नसतं तर चाललं असतं, असा अर्थ होतो का? बाहेरच्या संस्थेच्या सदस्य बाई म्हणाल्या की असा प्रश्न विचारू नये. सर म्हणाले, मी फक्त अर्थ समजून घेतोय. ती टेबलाच्या कडेची सुटलेली पट्टी नखाने दाबत राहिली. मी काहीही बोलले नाही. बोलायला मी त्या खोलीत होते, त्यासाठीच प्रतिनिधी झाले होते, आणि मी बिस्किटांकडे बघत बसले. पुढच्या बैठकीची तारीख ठरली आणि सगळे उठले.

गेटबाहेर मी तिला गाठलं. ती नाहूरला राहते. तिचे आजोबा लालबागला गिरणीत होते, गिरणी गेल्यावर घर इकडे आलं. आम्ही पुलाकडे चालत गेलो आणि पुलाच्या कठड्याशी थांबलो, कारण ती थांबली. म्हणाली, तक्रार बहुतेक मागे घेणार. आईला ऑफिसातून सुट्टी घेऊन यावं लागतंय, वर्गात लोक बघतायत, आणि पुन्हा त्या सरांसमोर बसायचं नाहीये.

मी सुरू झाले. मागे घेऊ नकोस म्हटलं. हा तुझा एकटीचा प्रश्न नाहीये. उद्या दुसरी मुलगी. तुझ्याकडे कितीजणी बघतायत तुला माहीत नाही. (कुणी बघत नव्हतं. कुणाला काही माहीतच नव्हतं, जे होतं ते अर्धवट.) ती म्हणाली, "बघू, ताई." मी म्हटलं, बघू नाही, ठरव. आत्ता ठरव. मी आहे ना तुझ्याबरोबर. ती म्हणाली, मला उशीर होतोय, आई वाट बघतेय. मी म्हटलं, पाचच मिनिटं. मग कायदा सांगितला, मुदत सांगितली, निकालाविरुद्ध अपील कुठे करायचं ते सांगितलं. तिची नजर रस्त्यावर होती. मला वाटलं, ऐकतेय.

"ताई," ती म्हणाली, "मी बघू म्हटलं ना."

आणि मग, आणखी हळू, "पट्टा सोड ना."

तिच्या खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा माझ्या मुठीत होता. कधी धरला मला आठवत नाही. चांगला घट्ट धरला होता, हाताला त्याचा वळ उमटला होता.

मी सोडला. पुलावरून माणसं जात होती, भाजीच्या पिशव्या घेतलेली. कुणीतरी आम्हाला बाजूला व्हा म्हणालं, आणि आम्ही दोघी कठड्याला चिकटून उभ्या राहिलो. मला वाटलं ती आता जाईल. जायला हवी होती. पण तिने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि स्वतःहून बोलली.

"त्याला कळतं गं. बघू म्हणजे काय ते त्याला सगळ्यात जास्त कळतं."

मग तिने सांगितलं. फेस्टच्या सुरुवातीला तो त्यांना मुलुंडच्या बाजारात दुकानोदुकानी घेऊन फिरायचा. पहिल्याच दिवशी एका साडीवाल्याने त्यांना पाणी दिलं, पत्रिका नीट वाचली आणि म्हणाला, बघू, पुढच्या आठवड्यात चक्कर मारा. ही खूश. बाहेर आल्यावर म्हणाली, हा देणार. तो हसला. तिने त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "येडी आहेस का? बघू म्हणजे नाही. माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. आपल्याला कळायला पाहिजे. चल, पुढचं दुकान." नंतर टीममध्ये जो कोणी नवा येईल त्याला तो हेच शिकवायचा. बघू म्हणाला की समज गेला, मागे लागायचं नाही, आपलीच इज्जत जाते. टीममध्ये तो विनोदच झाला होता. जास्तीची चटणी मागितली आणि कॅन्टीनवाला 'बघू' म्हणाला तरी सगळे ओरडायचे, चल, पुढचं दुकान.

"म्हणून मी त्याला बघू म्हटलं," ती म्हणाली. "मला वाटलं, ह्याला तरी दोनदा सांगायला नको."

मी म्हटलं, हे तू आत का नाही सांगितलंस? सवय जात नाही.

"तू होतीस ना तिथे. तूच म्हणालीस म्हणे, अपेक्षित आहे." ती पुढे म्हणाली, "मी आधी तुझ्याकडेच येणार होते. दोनदा आले पण होते गटाच्या खोलीपर्यंत. मग वाटलं, तू पहिल्यांदा हेच विचारशील, नाही का नाही म्हणालीस. तू ओरडशील. म्हणून मॅडमकडे गेले."

मॅडम, ज्यांना आम्ही आमच्या बैठकांत 'प्रशासनाचं बाहुलं' म्हणत होतो, त्यांच्याकडे जायला तिला कमी भीती वाटली.

मी विचारलं, मी हे मॅडमना सांगू का? ती म्हणाली, नको. सांगायचं असेल तर मी सांगेन. मी परत विचारलं नाही. हे फार मोठं काही केलं असं म्हणत नाही, पण त्या आठवड्यात मला त्याहून कठीण काही वाटलं नाही. बैठकीचा निकाल फिरवणारी गोष्ट माझ्या तोंडात होती आणि ती माझी नव्हती.

मी मॅडमना भेटून कमिटीतून बाहेर पडले. ज्या वाक्याचा पुरावा म्हणून वापर होतोय ते मी लिहिलंय, मी इथे बसणं बरोबर नाही, असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या की हे पहिल्या बैठकीआधी सांगायला हवं होतं. बरोबर होतं त्यांचं.

गटात मी म्हटलं, स्टिकर काढायचे. तिच्याबद्दल काही सांगता येत नव्हतं, म्हणून कारण अर्धंच देता आलं. वाक्यच चुकलंय म्हटलं. मुली जे बोलतात ते सगळ्यांना कळतं, आणि आपण मुलींनाच सांगतोय की तुमची भाषा बदला, मगच तुमचं ऐकू. आमच्यातला एकजण म्हणाला, "यार, लाइन झकास आहे, तू आता फालतू सेन्सिटिव्ह होऊ नकोस." दुसरी म्हणाली, पण स्पष्ट बोलायला शिकवण्यात चूक काय? चूक काही नाही. बोलता येत असेल तर जरूर बोला, ओरडा, चपला हाणा. पण ज्या क्षणी ते जमत नाही त्या क्षणाची शिक्षा बोलणारीला का? मी हे तावातावाने बोलत होते आणि मला ऐकू येत होतं की मी पुन्हा पत्रक बोलते आहे. वाक्यं छान पडत होती. मी मध्येच थांबले. त्यांना वाटलं मी रडणार आहे, म्हणून त्यांनी स्टिकर काढायला हो म्हटलं.

ते निघता निघेनात. मी आणि गटातली आणखी एक मुलगी, स्टीलची पट्टी घेऊन, एकेक दार. एका दारावर माझ्या वाक्याखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं, 'म्हटलं होतं. पुढे?' अक्षर तिचं नव्हतं. फाइलमधलं तिचं अक्षर मला माहीत आहे. म्हणजे ते दुसऱ्याच कुणाचं होतं, आणि ते कधीपासून तिथे होतं मला माहीत नाही. आम्ही कार्यशाळेचे फोटो टाकत होतो तेव्हापासून असेल.

दुसऱ्या बैठकीच्या दिवशी तक्रार मागे घेतली गेली नव्हती. मी आत नव्हते. कॉरिडॉरच्या टोकाच्या बाकावर बसले होते, लांब, तिला दिसू नये असं. तिची आई आली, ऑफिसातून थेट, गळ्यात कार्ड तसंच. मुलगी आत गेली आणि आई नेमकी माझ्याच बाकावर येऊन बसली. पर्स आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली आणि बहिणीला फोन लावला. मालवणीत बोलत होती, हळू, पण शेजारी बसल्यावर ऐकू येणारच.

"गेली आत. एकटीच जातंय म्हणाली." मग बराच वेळ ऐकणं. "अगो, तेच विचारतत. नाय कित्याक म्हणाक नाय. आता आमच्यात कोणाच्या तोंडार नाय म्हणतत काय? तेंका मराठी समजना नाय?"

फोन ठेवून तिने मला विचारलं, "तू तिची मैत्रीण का गं?"

मी सीनियर आहे म्हटलं.

"ते दारावर काय काय लावलंय म्हणे. बघू म्हणू नका."

"काढलंय ते."

"कोणी लिहिलेलं?"

इथेही मला गटाचं नाव सांगता आलं असतं, आणि ते खोटं नसतं. "मी," म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जशी बाजारात वस्तू बघतात. मग आमच्या मधली पर्स उचलून तिने मांडीवर घेतली. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, मुलगी बाहेर येईपर्यंत. मला उठून जायचं होतं आणि उठणं जास्त वाईट दिसलं असतं.

आत काय झालं ते मला नंतर तिनेच सांगितलं. तिने साडीवाल्याची गोष्ट सांगितली, त्याचे शब्द सांगितले, टीममधल्या दोघांची नावं दिली, ज्यांनी ते ऐकले होते. त्याला परत बोलावलं. तो म्हणाला, हो, म्हणालो होतो, पण मॅडम ते स्पॉन्सरचं होतं. ते वेगळं. तेव्हा मॅडमनी विचारलं, "म्हणजे साडीवाल्याचं बघू तुला कळतं आणि हिचं कळत नाही?" सरांनी काही लिहून घेतलं की नाही, ते तिला आठवत नव्हतं.

निकाल तिच्या बाजूने लागला. त्याला निलंबित केलं, फेस्टमधून काढलं. तिनेही फेस्ट सोडला, टीममधले निम्मे तिच्याशी बोलत नाहीत. माझ्या गटाला हा विजय वाटला आणि त्यावर पोस्ट लिहायची का असं मला विचारलं गेलं. मी नको म्हटलं. मग त्यांनी मला पुन्हा विचारलं. मग पुन्हा.

तिची माफी मी लायब्ररीच्या जिन्यात मागितली. ती वर चालली होती, हातात पुस्तकं होती, मी खाली येत होते. मी आधी बरंच जुळवून ठेवलं होतं. कार्यशाळेचं, मांजराचं, 'अपेक्षित'चं, पुलावरचं, सगळं ओळीने. बोलताना त्यातलं फारसं आलं नाही. माझं चुकलं, एवढंच दोन-तीनदा म्हटलं.

"असू दे, ताई," ती म्हणाली.

असू दे म्हणजे माफ केलं, की माफ केलेलं नाही पण आता हा विषय पुरे, की जिन्यात नको, हे मला कळलं नाही. विचारावंसं फार वाटलं. खरं तर मला ऐकायचं होतं की माफ केलं. तिने पुस्तकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या खांद्यावरून वर पाहिलं. जिना अरुंद आहे आमचा. मी तिच्या वाटेतच उभी होते.

मी भिंतीकडे सरकले.